गोरेपणाचा भुर्दंड किडनीला

२०२३च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधताना संशय गेला तो तिघी लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमवर. तपासणीत त्यात पारा निघाला. त्याच सुमारास केरळातल्या मलप्पुरममध्येही डॉक्टर चक्रावले होते. लघवीतून प्रथिनं जाण्याच्या एका विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत त्याचा एरवी क्वचित दिसणारा प्रकार आढळला. त्या १५ पैकी १३ जण अशीच क्रीम वापरत होते.

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज हे एन्झाइम लागतं. पारा नेमकं तेच अडवतो. त्यामुळे फरक झटपट दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि डबी मैत्रिणीलाही सुचवतं. पण पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. टॉवेल, उशीचे अभ्रे आणि घरातली हवा यांतून तो क्रीम न लावणाऱ्या मुलांपर्यंतही पोचतो. म्हणूनच आपल्याकडे डोळ्यांची प्रसाधनं वगळता इतरांत नकळत राहिलेला पाराही किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

दुसरा धोका मेडिकलच्या काउंटरवर मिळतो. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब हे वांगावरचं औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरतं. लोक मात्र ते फेअरनेस क्रीम समजून वर्षानुवर्षं चोपडतात. कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा उमटतात, मुरूम येतात, लव वाढते. ट्यूब थांबवली की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, म्हणून हात पुन्हा तिच्याकडेच वळतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ‘चिठ्ठी आहे का?’ असं विचारणारा दुकानदार विरळाच.

उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली क्रीम घेऊच नये. तिने आठवड्यात रंग उजळला, तर संशय अधिकच घ्यावा. लघवीला फेस येत असेल, पाय किंवा पापण्या सुजत असतील, तर लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी करून घ्यावी. क्रीम थांबवल्यावर केरळातल्या बऱ्याच रुग्णांचा विकार ओसरला. स्टेरॉइडची ट्यूब मात्र त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सोडावी. आणि दवाखान्यात जाताना डबी बरोबर न्यावी. क्रीमचं नाव सांगायला लोक लाजतात आणि निदान तिथेच अडतं.