शेजारचा माल (मधल्या फळीचे कारखाने : भाग ७)

गेल्या भागात आपण माणसांबद्दल बोललो. कारभार पुतण्या-मेहुण्यांच्या हातून पगारी मॅनेजरकडे कसा आणि कधी द्यायचा, हा तो विषय होता. हा भाग मालाचा. कंपनी शंभर-दीडशे कोटींच्या उलाढालीवर आलेली असते, ऑर्डरी असतात, बँकेचा माणूस स्वतःहून चहाला येऊन बसतो. पुढचे मशीन कशासाठी घ्यायचे, हे मात्र ठरत नसते. आहे तोच माल जास्त काढायचा, की नवा धरायचा? आणि नवा म्हणजे कोणता?

याची दोन उत्तरे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरूर आणि दौंड या शेजारी तालुक्यांत पाहायला मिळतात. नगर रस्त्यावर रांजणगावची एमआयडीसी, सोलापूर रस्त्यावर पाटसच्या पुढे कुरकुंभची. पहिलीत गाड्या आणि फ्रिज जुळतात, दुसरीत रसायने शिजतात.

रांजणगावात मोठ्या नावांची रांगच आहे : फियाट, एलजी, व्हर्लपूल, हायर, ट्रॅक्टर आणि बॅकहो लोडरचे ॲक्सल बनवणारी कॅरारो. त्यांना पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, वायरिंगचे सुटे भाग पुरवणारे व्हेंडर म्हणजे आपली मधली फळी. व्हेंडरची वाढ कशी होते? महिन्याचे शेड्यूल मेलवर येते. आकडा वाढला की दुसरी पाळी, घटला की कंत्राटी पोरांना सुट्टी. वर्ष उलटले की ‘कॉस्ट डाऊन’ची मागणी ठरलेली. प्रेसवर चढवलेली डाय जवळून पाहा, तिच्यावर पट्टी बहुधा ग्राहक कंपनीची असते. ऑर्डर दुसऱ्याला गेली की टेम्पो लागतो, डाय उचलली जाते आणि प्रेस मोकळा. मशीनचा हप्ता मात्र आपल्याच नावावर.

याला नावे ठेवायची नाहीत. गुणवत्तेची, वेळेची, कागदपत्रांची जी शिस्त मोठा ग्राहक लावतो, ती पैसे देऊन शिकता येत नाही. पण एकाच ग्राहकाच्या जोरावर पन्नासाचे शंभर कोटी झाले, तर ती वाढ त्याची. आपण तिच्यामागे धावलो, एवढेच.

त्यातच कायद्याची एक मेख आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटी आणि उलाढालीत १०० कोटी झाली. मध्यम उद्योगासाठी हेच आकडे १२५ आणि ५०० कोटी. २००६ च्या एमएसएमई कायद्याने पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. प्राप्तिकराच्या ४३ब(ह) कलमाने २०२३-२४ या वर्षापासून त्याला आणखी धार आली, कारण मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी करातून वजा करता येतो, त्याआधी नाही. पण ही दोन्ही संरक्षणे सूक्ष्म आणि लघुउद्योगांना आहेत, मध्यम उद्योगाला नाहीत. म्हणजे शंभर कोटींची रेषा ओलांडली की ग्राहक तोच, माल तोच, आणि पैसे वसूल करायची काठी हातातून जाते. वर्ग वाढल्यावर करेतर सवलती तीन वर्षे चालू राहतात, तेवढीच सोय. आणखी एक बारकावा अनेक मालकांच्या लक्षात नसतो : या हिशेबात निर्यातीची उलाढाल धरत नाहीत. पन्नास कोटी रांजणगावात विकणे आणि पन्नास कोटी बाहेरच्या देशात विकणे यांत कायद्याच्या नजरेने एवढा फरक आहे.

आता कुरकुंभ. अशोक बूब आणि त्यांच्या कुटुंबीयांनी २००३ साली सुरू केलेली, आज क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी या नावाने ओळखली जाणारी कंपनी कुरकुंभमध्ये उत्पादन करते. तिच्या मालाची नावे दातांत अडकतात, पण थोडा धीर धरा, कारण सगळी गंमत त्या नावांच्या क्रमात आहे.

फिनॉल आणि मिथेनॉल यांची वाफ उत्प्रेरकावरून नेली की ॲनिसोल मिळते, आणि सोबत पाणी. या ॲनिसोलपासून पुढच्या टप्प्यात दोन माल एकदमच निघतात, एमईएचक्यू आणि ग्वायकॉल. एमईएचक्यू चिमूटभर घातले की ॲक्रिलिक ॲसिड टाकीत आपोआप घट्ट होत नाही. तेच ॲसिड पुढे रंगांत आणि बाळाच्या डायपरमधल्या पाणी शोषणाऱ्या दाण्यांत जाते. ग्वायकॉल खोकल्याच्या औषधाला आणि व्हॅनिलाच्या वासाला लागते. एमईएचक्यूवर आणखी एक प्रक्रिया केली की बीएचए, म्हणजे तेला-तुपाला खवट होऊ न देणारा पदार्थ. ॲनिसोलची दुसरी फांदी धरली तर ४-एमएपी, ज्यापासून उन्हापासून त्वचा वाचवणाऱ्या क्रीमचा घटक तयार होतो.

औषध, सौंदर्यप्रसाधन, खाद्यतेल, प्लॅस्टिक असे चार वेगवेगळे ग्राहक, आणि चौघांच्या मागे एकच ॲनिसोल. यातला कोणताही माल ‘बाजारात सध्या काय चालते’ हे विचारून निवडलेला वाटत नाही. आधीच्या रिॲक्टरमधून जे बाहेर पडते त्याच्या शेजारी काय ठेवता येईल, असा शोध दिसतो. मुळात एमईएचक्यू जगभर बहुतेक हायड्रोक्विनोनपासून करतात. ॲनिसोलची वाट धरल्यामुळे कंपनीचा खर्च उतरला आणि ती या मालाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. २०२०-२१ मध्ये तिची उलाढाल सुमारे ५१२ कोटी होती, म्हणजे मध्यम उद्योगाच्या आजच्या वरच्या मर्यादेच्या आसपास. त्या आकड्यापर्यंत ती पोहोचली ती मुख्यतः स्वतःच्या नफ्यातून, कर्ज जवळपास नसताना. जुलै २०२१ मध्ये ९०० रुपये दराने तिचे समभाग बाजारात आले तेव्हाही ती सगळी जुन्या भागधारकांनी केलेली विक्री होती. कंपनीच्या गल्ल्यात त्यातला रुपयाही आला नाही. रांजणगावच्या कॅरारो इंडियाची डिसेंबर २०२४ मधली १,२५० कोटींची विक्रीही याच धर्तीची होती. तेव्हा ‘आयपीओ आला म्हणजे विस्ताराला पैसा आला’ असे वाचकांपैकी कोणी धरून चालले असेल, तर आधी ऑफरचे कागद उघडून पाहावेत.

ही कथा इथेच थांबवली असती तर छान दिसली असती, पण खरी झाली नसती. शेजारच्या मालाच्या वाटेला शेवट असतो. एका साखळीतले कोनाडे भरले की पुढचा कोनाडा दुसऱ्याच्या भिंतीत निघतो. क्लीन सायन्सने उपकंपनीमार्फत ‘हाल्स’ गटातली रसायने धरली. उन्हाने प्लॅस्टिक तडकू नये म्हणून ती घालतात. शेतातल्या पॉलिहाऊसचा कागद दोन-चार उन्हाळे टिकतो तो अशाच पदार्थांमुळे. मालाला मागणी आहे, पण इथे समोर बीएएसएफसारखी जुनी, दांडगी कंपनी बसलेली, आणि ॲनिसोलमुळे मिळालेला स्वस्ताईचा फायदा इथे आपोआप लागू होत नाही. त्यातच जगभर रसायनांची मागणी मंदावली, चिनी मालाचे भाव पडले. २०२२-२३ मधली सुमारे ९३६ कोटींची उलाढाल पुढच्या वर्षी ७९१ कोटींवर आली, नंतर पुन्हा सावरली. माझ्या मते ‘हाल्स’मध्ये उतरणे चूक नव्हते. पण ते वेगळ्या जातीचे पाऊल होते, आणि अशा पावलाला नफा दिसेपर्यंत चार-पाच वर्षे कळ काढावी लागते. कर्ज नसल्यामुळे ती कळ काढता येते. हप्ते डोक्यावर असते तर दुसऱ्याच वर्षी बँकेच्या मीटिंगा सुरू झाल्या असत्या.

रांजणगावचा व्हेंडर म्हणेल, साहेब, आमच्याकडे कुठला ॲनिसोल? असतो. पत्र्याचे काम करणाऱ्याने डाय दुरुस्तीसाठी म्हणून छोटी टूलरूम टाकलेली असते आणि ती बरेच तास रिकामी असते. ती डाय दुरुस्तीपलीकडे गेली, नव्या डाय स्वतः डिझाइन करू लागली, तर पुढच्या वेळी टेम्पोत चढणाऱ्या डायचे बिल आपण फाडलेले असते. पावडर कोटिंगची लाइन आठवड्यात चारच दिवस चालत असेल, तर उरलेल्या दिवसांत फर्निचरवाल्यांचे किंवा शेती अवजारांचे काम घेता येते, आणि तो ग्राहक गाड्यांच्या मंदीत बुडत नाही. पहिल्या वर्षी उलाढालीत याचा वाटा पाच टक्केही नसेल. एकाच ग्राहकाचा वाटा ऐंशीवरून साठ टक्क्यांवर यायला किती वर्षे लागतील, हा आकडा मात्र मालकाने दर मार्चला स्वतः लिहून ठेवावा. सीएवर सोडू नये.

पुढील भागात खेळते भांडवल : सीसी लिमिट वाढवून मिळाली म्हणून ती वापरायची का?