घरच्या आवारातले झाड तोडण्यापूर्वी

जागा आपली, झाडही आपल्या वडिलांनी लावलेले, मग तोडायला परवानगी कशाला? हा सवाल आमच्या पेठेत नेहमी ऐकू येतो. घराला लागून कारखाना वाढवायचा असो, गोदामाच्या भिंतीत लिंबाची मुळे शिरलेली असोत, मालक सरळ लाकूडतोड्याला बोलावतो. तोही लाकडाच्या मोबदल्यात फुकट तोडून देतो. मात्र नंतर जाब द्यावा लागतो तो मालकाला.

नगरपालिका व महानगरपालिकांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे. खाजगी जागेलाही तो लागू आहे. 'तोडणे' म्हणजे केवळ कुऱ्हाड घालणे नव्हे. झाड जाळणे, त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. बुंध्यात तेजाब ओतून झाड 'आपोआप वाळले' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

रीत अवघड नाही. वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज करायचा. झाडाचे वर्णन, ते कोठे उभे आहे हे दाखवणारा जागेचा नकाशा आणि तोडण्याचे कारण द्यायचे. भाडेकरूने मालकाची लेखी संमती जोडलेली बरी. अर्ज आला की झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि पाहणी होते. झाड मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले असेल किंवा जीविताला, मालमत्तेला त्यापासून धोका असेल तर परवानगी नाकारू नये, असे कायदाच सांगतो. म्हणून अर्जात 'अडचण होते' एवढेच लिहू नका. भिंतीला तडा असेल तर तड्याचा फोटो लावा.

निर्णयाला कायद्याने 60 दिवसांची मुदत ठेवली आहे. परवानगी मिळाल्यावरही 15 दिवस झाड तोडता येत नाही, कारण तेवढ्यात कोणी हरकत घेऊ शकतो. म्हणजे अडीच महिने धरून चाला. पावसाळ्यापूर्वी काम उरकायचे तर अर्ज मार्चच्या मध्यापर्यंत द्यावा. माल घेतला की आपण बिल मागतो, तशी अर्जाची पोच मागून घ्यावी.

शिक्षेचे म्हणाल तर मूळ कायद्यात एक हजार ते पाच हजार रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्ष कैद लिहिलेली होती. 2021 च्या दुरुस्तीने दंडाची कमाल रक्कम एका झाडामागे एक लाख रुपये झाली. त्याच दुरुस्तीने 50 वर्षे व त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष ठरवले आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट आणली. आजोबांच्या वेळचा लिंब तोडायचा तर हा हिशेब आधी मांडावा. कित्येकदा शेडची भिंत चार फूट सरकवणे स्वस्त पडते.

ज्यांची जागा शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्यांना 1964 चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा पाहावा लागेल. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडे त्याच्या यादीत आहेत.

व्यापाऱ्याला एक लाखाचा दंड जड आहेच, पण त्याहून जड आहे कोर्टाची तारीख. त्या दिवशी दुकान बंद राहते. एका अर्जाने हे टळत असेल, तर तो अर्ज आधी करावा आणि कुऱ्हाड मागून काढावी.