लव उलटी फिरली की पाय रोवतो
धागा आणि धोटा : भाग ९

करवतकाठी साडीचा काठ अंगाच्या कोशाशी कसा गुंततो आणि त्यासाठी एका मागावर तीन धोटे का चालवावे लागतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळचं कापड त्या साड्या विणणाऱ्या मोहाडी तालुक्यातल्या कुठल्याही मागावर होत नाही. तरी त्याची पट्टी तिथल्या आंधळगावच्या जुन्या कोष्ट्याच्या हातात दिली, तर ती ज्यांच्यासाठी बनते त्या बर्फात स्कीवरून चढणाऱ्या हौशी मंडळींपेक्षा त्यालाच आधी समजेल. कारण ती डोळ्यांनी नव्हे, तळव्याने ओळखायची असते.

स्की म्हणजे पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, असं आपण सिनेमात पाहिलेलं असतं. स्की टूरिंगमध्ये पाळणा नसतो. शनिवार-रविवार गाठून माणसं डोंगरात शिरतात, आपल्या पायांनी चढतात आणि एकदाच उतरतात. चढायला काही तास, उतरायला बहुधा तासाभराच्या आतच. व्यवहार तोट्याचा वाटेल, पण ज्यांना नाद आहे ते चढण्यालाच निम्मी मजा म्हणतात.

अडचण अशी की स्कीचा तळ घसरण्यासाठीच गुळगुळीत केलेला असतो. मग त्याच स्कीवर उभं राहून चढायचं कसं? पहिला उपाय बुटाच्या खोबणीत आहे. चढताना फक्त चवडा अडकलेला असतो आणि टाच मोकळी उचलता येते. उतरताना टाचही पक्की बसवतात. दुसरा उपाय म्हणजे आपलं कापड. स्कीच्या तळाला लांबीभर चिकटवायची लवदार पट्टी. कडांचं पोलाद तेवढं उघडं ठेवायचं, कारण कडक बर्फात तेच धरतं.

मुळात ते कापड नव्हतं, कातडं होतं. आल्ताई पर्वतातले शिकारी लाकडी स्कीला घोड्याचं कातडं लावत, केस शेपटाच्या दिशेने ठेवून. फ्रित्यॉफ नान्सेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडला आणि युरोपला या फळ्यांचं वेड लागलं. १८९७ मध्ये विल्हेल्म पाउल्के सोबत्यांसह स्वित्झर्लंडमधला बर्नी ओबरलँड हा हिमनद्यांचा प्रदेश स्कीवरून पार करून गेला. आल्प्समध्ये चढण्यासाठी सीलचं कातडं पट्ट्यांनी बांधायची चाल पडली, आणि पुढे त्याची जागा विणलेल्या मखमलीने घेतली.

मखमलीला ताण्याचे दोन संच लागतात. एक जमिनीचा, म्हणजे मूळ कापडाचा; दुसरा लवेचा. यंत्रमागावर दोन कापडं समोरासमोर एकदमच विणतात आणि लवेचे धागे एकातून दुसऱ्यात ये-जा करतात. मधून पातं फिरतं, धागे कापले जातात आणि एकाची दोन मखमली होतात. साडीच्या किंवा गादीच्या मखमलीत ही लव उभी राहिली तरी चालते. इथे तिला उष्णता आणि दाब देऊन एकाच बाजूला निजवतात. मग पाणी धरू नये म्हणून प्रक्रिया, पाठीला चिकटपणाचा थर, आणि पट्टी तयार.

तिच्यावर पुढून मागे हात फिरवा, रेशमासारखा सरकतो. मागून पुढे फिरवा, मांजराच्या पाठीवरून उलटा हात नेल्यासारखं लगेच अडतं. स्की पुढे ढकलली की लव दबते आणि फळी सरकते. त्याच पायावर वजन टाकलं की फळी मागे घसरू पाहते, केसांची टोकं उठून बर्फाच्या कणांत रुततात आणि पाय रोवला जातो. स्कीवरची सारी चढाई या एका गोष्टीवर उभी आहे, आणि ती विणकामाची गोष्ट आहे.

धागा कुठला, यावर तर कोष्ट्याशी अर्धा दिवस बोलता येईल. उत्तम सरकतो तो मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचा केस. जगातला बराचसा दक्षिण आफ्रिकेतून येतो. त्याच्यावरचे खवले चपटे असल्याने तो गुळगुळीत आणि चमकदार असतो, पण झिजतो लवकर. नायलॉन चिवट, पकडही जास्त, मात्र पुढे सरकताना अडखळतो. म्हणून पुष्कळजण सत्तर टक्के मोहेर आणि तीस टक्के नायलॉन असं मिश्रण वापरतात. कोसा इथे चालेल का? ऐन-अर्जुनावरच्या किड्याचा तो अखंड, लांब तंतू आहे. त्याची बळकटी ताणाला लागते. तुकडे करून उभ्या केलेल्या लवेत ती वाया जाईल, असं मला वाटतं.

चढणीचा वेग ताशी तीनशे-चारशे मीटर उंची धरतात. बारीतून कळसूबाईला आठ-नऊशे मीटर चढावं लागतं. रविवारचा साधारण बेत तेवढाच, फक्त थंडीत. पहाटे निघायचं, कारण दुपारच्या उन्हात बर्फ भिजतो. भिजलेली लव सावलीत गेली की गोठते आणि तळाला बर्फाचे गोळे धरतात. तेव्हा तिच्यावर मेण घासतात. माथ्यावर पट्टी उपटून जाकिटाच्या आत, अंगाशी ठेवायची. गारठ्यात डिंक मेला, तर पुन्हा चढायच्या वेळी ती चिकटत नाही.

या कापडाला उताराची एक हद्द आहे. सरळ वर जायला वीस-पंचवीस अंश पुष्कळ झाले; त्यापुढे नागमोडी वाट काढायची. आणि बहुतेक हिमकडे कोसळतात ते तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर. म्हणजे पट्टीवर आरामात चालणारा माणूस स्वतः सौम्य जागी असतो, पण त्याच्या डोक्यावरचा उतार तसा असेलच असं नाही, आणि माथ्यावरून उतरायला त्याला तोच खडा उतार हवा असतो. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत सापडला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ निघून जाते. म्हणून गटातल्या प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झवर चालणारं संदेशयंत्र, टोचून पाहायची लांब काठी आणि फावडं हवंच. एकट्याने जाणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही.

आपल्याकडे हे सारं गुलमर्गला पाहायला मिळतं. तिथली गोंडोला अफरवाटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेते. काहीजण तिथून पट्ट्या लावून पुढे चालतात. त्याच डोंगरावर हापतखुड भागात १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची चंदीगडची संस्था, डीजीआरई, देते. ते वाचल्याशिवाय निघणाऱ्यांना धाडसी म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

हे वाचून एखादा सल्लागार आंधळगावला स्कीच्या पट्ट्या विणायला सांगेल, म्हणून आधीच लिहून ठेवतो. ही मखमल हातमागाचं काम नाही. तिचे नावाजलेले कारखाने स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात आहेत आणि गिऱ्हाईकही बहुतेक तिकडचंच. मोहाडीच्या मागांना हवं आहे ते वेळेवर मिळणारं कोशाचं सूत आणि करवतकाठीला तिच्या कष्टाइतका भाव. त्या भावाचा हिशेब पुढच्या भागात मांडू.