पुराचा इशारा आणि शक्यतेचे गणित

कुंडलिकेच्या तीरावरील रोहे व भोगावतीच्या काठचे पेण येथील नागरिकांपुढे पावसाळ्यात एक प्रश्न उभा राहतो : इशारा मिळताच घर सोडावयाचे की थांबावयाचे? याचे उत्तर मनुष्य बहुधा स्वानुभवातून शोधतो. अनेक इशारे येऊनही पाणी उंबऱ्याशी आले नाही, तर पुढचा इशारा त्याला पोकळ वाटू लागतो. क्वचित घडणारी घटना अल्प अनुभवात दिसतच नाही; म्हणून तिची शक्यता प्रत्यक्षाहून कमी मानली जाते, असे मानसशास्त्रीय प्रयोगांत आढळले आहे. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभुळपाड्यात हाहाकार उडविला. अशा आपत्तीनंतर सावधगिरी वाढते. पिढी बदलली की ती ओसरते.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगानेही गैरसमज होतो. पूर येऊन गेला म्हणजे शतकाची निश्चिंती झाली, असे नव्हे. त्याची शक्यता दरवर्षी शेकडा १ असते. ३० वर्षे नदीकाठी राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ती सुमारे शेकडा २६, म्हणजे चारांत एकाहून किंचित अधिक होते.

हवामान खात्याच्या पिवळ्या, नारिंगी व लाल इशाऱ्यांमागे पावसाची शक्यता आणि संभाव्य हानी या दोहोंचा विचार असतो. पूर टळला म्हणून इशारा खोटा ठरत नाही. ग्रामपंचायतींनी पूर्वीच्या पुरांच्या पातळ्या ठळक जागी रंगवाव्यात. शिक्षकांनी वर्गात शंभर चिठ्ठ्यांत एक लाल चिठ्ठी मिसळावी आणि काढलेली चिठ्ठी परत टाकत तीस वेळा काढून दाखवावी. गणित असे उमगले, तर घर वेळेवर सुटेल.