जांभळी राहिली तर बरं

विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पीएचडीची पोरं गाइडपेक्षा ऑटोक्लेव्हवाल्या मामांना जास्त वचकून असतात. वापरलेल्या कल्चर प्लेट्सची पिशवी गच्च गाठ मारून आणली की मामा हातही लावत नाहीत. ‘‘सैल बांध. वाफ शिरणार कुठून?’’

प्रश्न बिनतोड आहे. ऑटोक्लेव्ह दाबाखालच्या वाफेने जंतू मारतो; 121 अंश सेल्सिअस आणि 15 पौंड दाब हे त्याचे आकडे सगळ्यांनाच पाठ असतात. पण पिशवीत हवा कोंडून राहिली, तर बाहेर काटा 121 दाखवतो आणि पिशवीच्या पोटात जंतू खुशाल जगतात.

पिशवीवरच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की नवी मुलं निर्धास्त होतात. पट्टी सांगते ते एवढंच, की उष्णता लागली. खरी परीक्षा घेतात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूचे बीजाणू. त्यांची जांभळ्या द्रवाची कुपी मामा पिशव्यांच्या मधोमध खुपसतात. नंतर ती इन्क्युबेटरमध्ये जाते, न तापवलेल्या दुसऱ्या कुपीच्या शेजारी. न तापवलेली पिवळी पडली आणि तापवलेली जांभळीच राहिली, तर ऑटोक्लेव्ह पास. दोन्ही जांभळ्या राहिल्या तर खूश व्हायचं कारण नाही. बीजाणू आधीच मेलेले असणार!

कागदावरची व्यवस्था वेगळी चालते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या 1989च्या नियमांनुसार संस्थेत जैवसुरक्षा समिती असते. क्षयाचा जंतू तिसऱ्या जोखीम गटात, म्हणजे त्याच्या कल्चरचं काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये आणि बंदोबस्तातल्या प्रयोगशाळेत. समितीकडे जाणाऱ्या अर्जात हे सगळं चोख लिहिलेलं असतं. संशोधक स्वतःपुरता जपतो, हे मान्यच. धोका त्याच्या हातून वस्तू सुटल्यावर सुरू होतो, असं माझं मत.

बर्मिंगहॅम विद्यापीठात 1978 साली हेच दिसलं. जॅनेट पार्कर तिथल्या वैद्यकीय शाळेत छायाचित्रकार होत्या. देवीच्या विषाणूशी त्यांचा कामापुरताही संबंध नव्हता; ती प्रयोगशाळा त्यांच्या खोलीखालच्या मजल्यावर होती. विषाणू वर पोचला कसा, यावर वाद झाले, खटला झाला, विद्यापीठ सुटलं. पार्करबाई मात्र 11 सप्टेंबरला गेल्या. देवीने मेलेली जगातली ती शेवटची नोंदलेली व्यक्ती. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख हेन्री बेडसन यांनी त्याआधीच आत्महत्या केली होती.

आपल्याकडच्या एका बैठकीत समितीवरच्या बाहेरच्या डॉक्टरीणबाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘‘प्रशिक्षणाच्या यादीत नुसते विद्यार्थीच? कचरा कोण उचलतं? वीज गेली तर आत कोण येतं?’’ अर्ज परत गेला. पुढच्या खेपेला यादीत मामा होते, सफाईच्या मावशी होत्या आणि इलेक्ट्रिशियनही होता. बाईंनी सही केली, आणि मावशींना हेपॅटायटिस बीची लस कधी देणार, ते तारखेसह लिहून मागितलं.