दोघांचा खेळ : ‘गेला माधव कुणीकडे’

मुंबई-पुण्याचे नाटक मराठवाड्याच्या दौऱ्यावर निघून लातूरपर्यंत पोचणे हा योगच विरळा. त्यामुळे वसंत सबनीसांचे ‘गेला माधव कुणीकडे’ ज्यांनी प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिले, त्यांच्या बोलण्यात अद्यापि किंचित गर्व डोकावतो. एका गृहस्थाच्या दोन बायका, दोन बिऱ्हाडे आणि दोघींना एकमेकींचा सुगावा लागू नये म्हणून चाललेला अखंड खटाटोप, एवढेच कथानक. ते निखालस पोरकट आहे, हे आरंभीच कबूल करावे.

परंतु रंगमंचावर प्रशांत दामले थाप मारतात, विनय येडेकर ती तोंडावरची रेषाही न हलविता, एखाद्या मुरलेल्या साक्षीदाराने जबानी द्यावी तशी पुढे रेटतात, आणि हशा ओसरू लागण्याच्या नेमक्या क्षणी दामले दुसरी थाप हजर करतात. दामल्यांचे या नाटकातले गाजलेले पालुपद तर प्रेक्षकच आधी उच्चारून मोकळे होतात!

ही विद्या नवी नव्हे. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या व त्याचा जोडीदार हेच करीत आले, आणि १९६५ साली दादा कोंडक्यांना घेऊन आलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्यही सबनीसांच्याच लेखणीचे. ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटाचे (१९८८) संवाद लिहिणारेही तेच.

मात्र या नाटकाच्या ध्वनिचित्रफितीवर विसंबू नये. कॅमेरा बोलणाऱ्याकडे वळतो, आणि खरी गंमत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. गावात प्रयोगाची जाहिरात लागली, तर पुढच्या रांगेचे तिकीट काढावे.