माहेरी परतलेल्या लेकीचा हिशेब

रात्री उशिरा लेक दारात उभी राहते. कडेवर मूल, हातात एक पिशवी, दंडावर निळे वळ. दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्यांची बैठक बसते आणि बहुधा एकच वाक्य उच्चारले जाते : “जे देतील ते घेऊ आणि मोकळे होऊ.” धाकटीचे लग्न व्हायचे आहे, व्याही एकाच बाजारपेठेतले आहेत, कारणे खोटी नसतात. परंतु चार आण्यांची तफावत सापडेपर्यंत रोजमेळ बंद न करणारे आपण लेकीच्या आयुष्याचा हिशेब मात्र तोंडी उरकतो.

आपल्याला कायदा कोणता लागू, याविषयीही संभ्रम आहे. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, म्हणून हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू नाही, असे मानून इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने २०२५ मध्ये एक अर्ज फेटाळला होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय रद्द केला. १९५५ चा हा कायदा जैनांना स्पष्ट शब्दांत लागू आहे आणि शारीरिक वा मानसिक क्रूरता हे त्यात घटस्फोटाचे कारण आहे. सिद्ध रूढीचा आधार नसेल, तर पंचांसमोर मुद्रांकावर लिहिलेली फारकत न्यायालयाच्या हुकूमनाम्याची जागा घेत नाही.

हिशेबाची पहिली बाब स्त्रीधन. लग्नात तिला मिळालेले दागिने सासरच्या लॉकरमध्ये असले तरी मालकी तिचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितले. ते पोटगीच्या रकमेत मिसळू देऊ नये. अन्यथा तिचीच वस्तू तिला उपकार म्हणून परत मिळते. सराफाच्या पावत्या, लग्नाची छायाचित्रे, आईच्या वहीतील यादी जपून ठेवावी.

दुसरी बाब पोटगी. व्यापारी घरात उत्पन्न अनेकदा पेढीत किंवा एकत्र कुटुंबाच्या खात्यात असते आणि पतीच्या विवरणपत्रातील आकडा लहान दिसतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. घटस्फोट मागितला नसला तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण, निवास व आर्थिक साहाय्य मागता येते.

तिसरी बाब बहुधा विसरली जाते : तिच्या सह्या. ती पेढीत भागीदार असेल तर निवृत्तीची जाहीर सूचना द्यावी; कर्जाला जामीन असेल तर बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी.

परस्परसंमतीने विभक्त व्हायचे असल्यास एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा काळ न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते. हुकूमनाम्यापूर्वी संमती मागे घेता येते, म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख व रक्कम लेखी असावी. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तातडीच्या वेळी १८१ हा महिला साहाय्य क्रमांक आहे.

मात्र या साऱ्याआधी बैठकीत लेकीलाही बसवावे आणि तिला काय हवे ते विचारावे. क्षमापनेच्या दिवशी ती कदाचित सासरच्यांना मनापासून क्षमा करील. तो तिचा अधिकार आहे. तिचे येणे परस्पर माफ करण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.